डावीकडं झुकलेली खूण

कोणाच्याही घरी गेले की माझा हात चादरीखाली जातो. पाणी येतं, चहा येतो, घरची बाई बोलत असते आणि मी बसल्या जागी गादीचा पायथ्याकडचा कोपरा चाचपत असते. लोकांना वाटतं, ही बाई ढेकणं शोधून राहिली. वाटू द्या. अठरा वर्षं झाली, हात ऐकत नाही.

मी पिंजाऱ्याची लेक, आणि आता स्वतःच पिंजारीण. कारंज्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या राहतात, त्या मैदानाच्या कडेला आमचं दुकान. दुकान कसलं, पुढं ओटा आणि मागं दोन खोल्या. अब्बा धनुकली टांगून रुई पिंजायचे. मी खोळ शिवायची, रुई भरायची, दाभणानं टाके घालायची. लग्न होऊन दोन वर्षांत मी सासरहून परत आले होते. का आले ते इथं लिहीत नाही, लिहिलं तर हा कागद पुरणार नाही आणि माझी जीभही आवरणार नाही. परत आल्यावर मी अब्बांना एवढंच म्हटलं की मला चुलीपाशी बसवून ठेवू नका, दाभण द्या. त्यांनी दिलं. नातेवाईक बोलले, गिऱ्हाइकंही बोलली. पोरीच्या हातचा टाका किती दिवस टिकंल, असं एक जण माझ्या तोंडावर म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुमच्या कमरेपेक्षा जास्त टिकंल. अब्बा पाठ वळवून हसले.

आमच्या घराण्याची एक खूण आहे. गादी पुरी झाली की पायथ्याच्या उजव्या कोपऱ्यावर तीन टाके घालायचे, खाली एकत्र आलेले आणि वर फाकलेले, चिमणीच्या पायासारखे. गादी कोणाच्या हातची आहे ते त्यावरून कळतं. गुठळ्या झाल्या, टाका उसवला, तर माणूस बरोबर आमच्याच ओट्यावर येऊन भांडतो. पण आमच्या घरात त्या खुणेला आणखी एक अर्थ होता. बिनखुणेची गादी आम्ही फक्त मयताखाली घालायला करायचो. जित्या माणसाला अशी गादी दिली तर तो तिच्यावरून उठत नाही, असं आमच्यात मानतात. हसायचं तर हसा. मी लहानपणापासून हे ऐकत आले आणि ते माझ्या हाडात गेलेलं आहे.

अब्बांची खूण उजवीकडं झुकायची. मी डावरी, म्हणून माझी डावीकडं झुकते. हा फरक आम्हां दोघांशिवाय कोणाच्या लक्षात आलेला नाही, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

दोन घरं सोडून एक छापखाना होता. तिथून दर आठवड्याला चार पानांचं एक वर्तमानपत्र निघायचं. ते चालवणारे संपादक किरकोळ अंगाचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडं बघायची त्यांना सवय. आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. अब्बांना वाचता येत नव्हतं, म्हणून संपादक त्यांना आपलंच वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आणि अब्बा पिंजता पिंजता मध्येच थांबून विचारायचे, "भाऊ, हे तुमाले कोणं सांगतलं?" अब्बा घरात आमच्या हिंदीत बोलायचे आणि बाजारात वऱ्हाडीत. मी इथं सगळं वऱ्हाडीतच लिहिते.

संपादक म्हणायचे, "ते सोडून काईबी इचारा, चाचा."

कोणी सांगितलं, हीच तर त्या वर्तमानपत्राची सगळी दौलत होती. मेडशीकडून, अनसिंगकडून, मंगरुळाकडून, जिथं संपादक जन्मात गेले नसतील अशा वस्त्यांवरून त्यांना पत्रं यायची. लिहिणारा कोणी शाळामास्तर असायचा, कोणी वैद्य, कोणी पाटलाचा धाकटा भाऊ. शिपायानं कोणाला मारलं, जंगलच्या रखवालदारानं कोणाच्या बैलजोडीला अडवलं, कोणाकडून फुकट राबवून घेतलं, हे सगळं त्यात असायचं. छापताना खाली 'एक गावकरी' एवढंच लागायचं. खरं नाव पत्रात असायचं, आणि पत्र संपादकांच्या पेटीत. नाव माझ्याजवळच राहील, हा त्यांनी एकेकाला दिलेला शब्द होता.

त्यांच्या बायकोला मी वयनी म्हणायची. दुपारी काम हलकं झालं की वयनी मला अक्षरं शिकवायच्या. छापखान्यातले चुकलेले कागद आणायच्या, त्यावर माझं बोट ठेवून मला वाचायला लावायच्या. मी वाचायला शिकले ती कोणत्या पोथीवरून नाही, चुकलेल्या छापाच्या कागदांवरून. माझी काळी बोटं पाहून अब्बा म्हणायचे, "रुई काळी करशीन." पण त्यांना आवडायचं ते.

मग तो पावसाळा आला, ज्यात लोक गावागावांतून निघून सरकारी जंगलात गवत कापायला गेले. गवत काही कोणाला हवं होतं असं नाही. इंग्रज सरकार कापू नका म्हणतं म्हणून कापायचं, असं ते होतं. पुढं जे व्हायचं तेच झालं. शिपाई गावात शिरले, घरांत शिरले. पत्रांचा पाऊस पडला म्हणा, आणि संपादकांनी एकामागं एक सगळं छापलं. गावाचं नाव, मारणाऱ्याचा हुद्दा, किती जणांची डोकी फुटली, सगळं. तिसऱ्या अंकाला छापखान्याला कुलूप लागलं आणि संपादकांना अकोल्याच्या तुरुंगात नेलं. त्याआधी एकदा ते तुरुंगात राहून आले होते आणि तिथून छातीत खोकला घेऊन आले होते. नेताना ते आमच्या ओट्यासमोरून गेले. अब्बा उभे राहिले. मीही उभी राहिले, दाभण हातातच होतं.

दोन दिवसांनी भर दुपारी वयनी आल्या. डोक्यावर पाटी, पाटीत वरून सरकी. ओट्यावर नाही, सरळ मागच्या खोलीत गेल्या आणि सरकी बाजूला करून एक गाठोडं काढलं. ती सगळी पत्रं होती.

वयनी म्हणाल्या, "त्यायले सांगून राह्यले का नावं द्या, आन् घरी जा. ते देनार नाईत. आता घर झडतीन. चाचा, हे जाळाचं म्हटलं तर माह्या हातानं जाळनं होत नाई. सत्तर लोकायचा जीव हाय याच्यात, आन् त्यायचं खरेपन बी याच्यातच हाय."

एवढ्यात सगळं आलं. पत्रं सापडली तर ती माणसं गेली. पत्रं जाळली तर छापलेलं खरं होतं हे सांगायला काही उरणार नाही. म्हणून ती लपवायची होती आणि राखायचीही होती.

अब्बांनी गाठोडं उचलून हातात तोललं. पावसाळ्यात आमच्याकडं काम नसतं. रुई हवेतली ओल धरते, पिंजली तरी फुलत नाही. श्रावणात गादी करून घेणारा माणूस मी पाहिलेला नाही. शेवटी त्यांनी वयनींना विचारलं, "माहेरी कोनी बाळंत व्हाची हाय का?"

वयनींची भावजय मंगरुळाच्या पलीकडच्या एका खेड्यात अवघडलेली होती, आज-उद्या म्हणत होते. अब्बांचं डोकं चाललं ते असं. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नाही. तिच्या बाजेला, तिच्या अंथरुणाला कोणी हात लावत नाही. शिपाई झाला तरी त्याच्या घरी आई असते, विटाळ त्यालाही असतो. पत्रं गादीत घालायची आणि गादी बाळंतिणीखाली.

मी खोळ शिवली. पत्रं मेणकापडात गुंडाळून, चपटी करून, रुईच्या दोन थरांच्या मधोमध ठेवली, बरोब्बर कंबर येते तिथं. वरून थापलं तर हाताला काही लागत नव्हतं. अब्बांनी स्वतः चारी बाजूंनी दाबून पाहिलं. मग मला म्हणाले, "बेटा, याले खूण नको घालू. सापडली तर कोणाची हाय ते कळू नये."

मी हो म्हटलं. अब्बा गाडी ठरवायला बाहेर गेले.

मी शेवटचा टाका मारला, दोरा तोडला. गादीकडं पाहत बसले. चांगली उतरली होती, पावसाळ्याची रुई असून. आणि मनात आलं, हिच्यावर एक बाळंतीण निजणार, तिच्या कुशीत दोन दिवसांचं लेकरू निजणार, आणि आपण त्यांच्याखाली मयताची गादी धाडून राहिलो. ती बाई उठली नाही तर? लेकराला काही झालं तर? अब्बांना हे सुचलं नसेल, असं नाही. त्यांनी सत्तर माणसं मोजली असतील. मला ती दोनच दिसत होती. आणि खरं सांगायचं तर थोडा ताठाही होता. एवढी चांगली गादी, माझ्या हातची, आणि बेवारस जायची. मी पुन्हा दोरा ओवला आणि उजव्या कोपऱ्यावर तीन टाके घातले. अब्बा परत आले तेव्हा मी गादी गुंडाळून सुतळीनं बांधून टाकली होती. त्यांनी सोडून पाहिली नाही, माझ्यावर भरवसा होता.

पुढचं वयनींच्या भावाकडून कळलं. भावजय बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. दहाव्या दिवशी त्या घरावर झडती आली. संपादकांची सासुरवाडी म्हणून आली. कणग्या उपसल्या, चूल खणली, छपराची कौलं काढली. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी जमादार थांबला, अब्बांनी म्हटलं होतं तसाच. सुईणीनं त्याला आतून शिव्या घातल्या. तो आत गेला नाही, पण दारातून पाहत राहिला. बाळंतिणीखाली घरोघरी जुन्या गोधड्या असतात, कारण नंतर ते अंथरूण टाकूनच द्यायचं असतं. इथं नवीकोरी गादी, तीही श्रावणात. आणि तो जमादार आधी तीन वर्षं कारंज्याला होता. त्याच्या स्वतःच्या घरी आमच्या हातची गादी होती. बाजेबाहेर आलेल्या कोपऱ्यावरचे तीन टाके त्यानं ओळखले.

त्यानं गादीला हात लावला नाही. वयनींच्या भावाच्या हातात चाकू दिला आणि म्हणाला, "तेवढा कोपरा कापून दे." भावानं दिला. आत रुईच होती. विटाळ फिटेपर्यंत गादी हलू नये म्हणून दाराशी एक शिपाई बसवून जमादार तो कोपरा घेऊन कारंज्याकडं निघाला.

तो आमच्या ओट्यावर आला तेव्हा सकाळचे नऊ-दहा झाले असतील. अब्बा दात घासून नुकते बसले होते. जमादारानं तो कापडाचा तुकडा त्यांच्यापुढं टाकला.  अब्बांनी तुकडा उचलला, पाहिला, अंगठ्यानं टाक्यांवरून हळूच हात फिरवला. खूण कोणीकडं झुकते ते त्यांना दिसलंच. मी ओट्याच्या आतल्या बाजूला उभी होते. माझं तोंड उघडलं होतं. अब्बांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं, आणि ते तोंड मिटलं.

"खूण कोणाची?" जमादारानं विचारलं.

"माही," अब्बा म्हणाले.

"श्रावणात गादी कोणं सांगतली? तिच्यात काय घातलं?"

"रुई. गादीत रुईच घालतात, जमादारसाब."

त्यांना घेऊन गेले. मी ओट्यावर उभीच. शेजारचे आले, चौकशी करून गेले. ती माझी खूण आहे, हे मी त्यांतल्या एकालाही सांगितलं नाही. ठाण्यावर जाऊनही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला नेलं असतं, आणि मग अब्बांचं तोंड मिटलेलं राहिलं नसतं, पत्रंही गेली असती. हे मी स्वतःला अठरा वर्षं सांगत आहे. हे खरंही आहे. पण मी घाबरले होते, हे त्याच्याइतकंच खरं आहे.

पाचव्या दिवशी अब्बा घरी आले. कोणी आणलं नाही, चालत आले. ओट्यावर बसले, आणि पाण्याचा पेला धरायला गेले तर पेला हातातून पडला. दोन्ही तळहात सुजून काळेनिळे झाले होते. बोटं मिटत नव्हती. मी त्यांना पाणी पाजलं. मला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील, खूण नको घालू म्हटलं होतं ना. ते एवढंच म्हणाले, "बाळंतीण बरी हाय म्हने." त्या हातांनी त्यांनी पुन्हा धनुकली धरली नाही. दोन वर्षं ओट्यावर बसून राहिले आणि मग गेले. त्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, काठी उगारली असती, तर मी आज बरी झोपले असते.

अब्बा कसे सुटले ते दुसऱ्या दिवशी कळलं. बाजारात दवंडी पिटली. फौजदारानं स्वतः उभं राहून पिटवली. संपादकांनी तुरुंगात लिहून दिलं होतं की गावोगावच्या बातम्या कोणीच पाठवल्या नव्हत्या, पत्रं-बित्रं काही नव्हतीच, सगळं आपण घरात बसून मनानं रचलं, ते खोटं होतं, आणि त्याबद्दल आपण सरकारची माफी मागतो. खाली सही.

सरकारला याहून काय हवं होतं? सत्तर नावांपेक्षा ही एक सही मोठी. मंगरुळाकडच्या दाराशी बसवलेला शिपाई उठला, कारण नसलेली पत्रं शोधायची कशाला. अब्बा सुटले. संपादकही सुटले.

ते परत आले त्या दिवशी स्टेशनावर कोणी गेलं नाही. पहिल्या वेळी सुटले होते तेव्हा हारांनी त्यांचा चष्मा झाकून गेला होता. या वेळी पिशवी हातात घेऊन बाजारातून एकटे चालत आले. दुकानदार त्यांना पाहून गिऱ्हाइकाशी बोलायला लागले. कोणीतरी मागून थुंकलं. आमच्या ओट्यापाशी ते थांबले, अब्बांच्या हातांकडं बघितलं, आणि तिथं उभे राहून रडले. अब्बा म्हणाले, "बसा भाऊ." ते बसले. त्या दिवशी वाचून दाखवायला काही नव्हतं.

त्यानंतर संपादक दहा-अकरा वर्षं जगले. वर्तमानपत्र पुन्हा निघालं नाही. निघालं असतं तरी वाचलं कोणी असतं, आणि पत्र कोणी पाठवलं असतं? स्वतः खोटं लिहिलं म्हणून सही देणाऱ्याला कोण खरी बातमी सांगणार. ते पोस्टाच्या पायरीवर बसून लोकांची कागदपत्रं लिहून द्यायचे. मेडशीकडचा एक गृहस्थ बाजाराला यायचा, त्यांनी राम राम केला की तो मान फिरवायचा. संपादक तरी दर वेळी करायचे. मी हे ओट्यावरून पाहायची. माझ्या जिभेवर यायचं की अरे, हा माणूस खोटारडा नाही, ही सगळी माझ्या तीन टाक्यांची करणी आहे. पण ते सांगायचं तर पत्रं आहेत हे सांगावं लागलं असतं, आणि इंग्रज तेव्हा कुठं गेला होता. गादी तशीच होती, वयनींनी ती माहेरहून आणून घरात घातली होती, कापलेल्या कोपऱ्याला फडकं लावून. वयनी दुपारी येतच राहिल्या. मला वाचायला शिकवतच राहिल्या. त्यांच्याकडं सरळ पाहणं मला कधी जमलं नाही.

मी खूण घालणं सोडलं. एकाही गादीवर नाही. हात कोपऱ्यावर गेला की जमादारानं टाकलेला तो तुकडा दिसायचा, आणि दोरा तिथंच तोडायची. मयतासाठी काय आणि जित्यांसाठी काय, सगळ्या सारख्याच. मनातून भीती वाटायची, कोणाच्या घरी आजारपण आलं की आधी माझी गादी आठवायची. तरी खूण घालवेना.

संपादकांचा खोकला वाढला तेव्हा वयनींनी त्यांच्यासाठी मऊ गादी मागितली. मी जीव ओतून केली, रुई तीनदा पिंजली. कोपऱ्यावर आले आणि दाभण घेऊन बसले. इथं तरी घाल, मन म्हणत होतं. नाही घातली. सहा महिन्यांनी त्या गादीवरच ते गेले. छातीचा रोग होता, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, माहीत आहे मला. पण तुम्ही मला कितीही समजावा, मी खूण घातली तेव्हा त्यांचं नाव गेलं आणि घातली नाही तेव्हा ते गेले. हे माझ्या डोक्यातून निघत नाही. काम करत असले, रुई उडत असली, की मला दारात त्यांचा खोकला ऐकू येतो. मी धनुकली थांबवते. कोणी नसतं.

इंग्रज गेला. यंदा शाळेच्या मैदानावर झेंडा लावला आणि तालुक्यातल्या सोसलेल्या माणसांची नावं वाचली. मी मुद्दाम गेले होते. यादी लांब होती, चार दिवस कैदेत काढलेल्यांचीही नावं होती. संपादकांचं नाव आलं नाही. वाचणारा होता तो मेडशीकडचाच गृहस्थ. मी घोळक्यातून उठून निघाले, कोणाच्या तरी पायावर पाय पडला, त्यानं शिवी दिली, मी दोन दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वयनी आल्या. मागं हमालाच्या डोक्यावर ती गादी. हमाल गेल्यावर म्हणाल्या, "उसव. आता भेव नाई."

मी टाके कापले. अठरा वर्षांची रुई दबून कठीण झाली होती. मधोमध मेणकापड, मी ठेवलं होतं तसंच. पत्रं कोरडी होती. आम्ही दोघी ओट्यावर बसून वाचायला लागलो. सगळं खरं होतं, छापलं होतं तसंच, तारीखवार. पाचवं-सहावं पत्र माझ्या हातात आलं, अक्षर वळणदार, खाली त्या मेडशीच्या गृहस्थाचं नाव. मला सुचेना. मी म्हटलं, "वयनी, चला. आत्ता चला. त्याच्याच हातात देऊ आन् मैदानात वाचून घेऊ."

वयनींनी पत्र माझ्या हातून घेऊन घडी घातली. "त्याले इचारल्याबिगर नाई. यायनं शब्द देला होता, नाव माह्याजवळ राहीन. त्या शब्दापायी तं सही केली."

मग मला राहवेना. अठरा वर्षं जे गिळलं होतं ते बाहेर आलं. म्हटलं, "सही शब्दापायी नाई केली वयनी. माह्या खुणेपायी केली. अब्बानं नको म्हटलं होतं. खूण मी घातली होती."

वयनी पत्रं गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मले ठावं हाय," त्या म्हणाल्या. "सुटून आले त्याच दिवशी त्यायनं सांगतलं. तुरुंगात तो कोपरा त्यायच्या पुढं ठेवला आन् म्हटलं, ज्यानं हे केलं तो म्हातारा आमच्यापाशी हाय. त्यायनं पाह्यलं तं खूण डावीकडं झुकलेली. मले म्हने, तू वाचाले शिकवते तवा बोट ठेवते ना ती पोरगी, डाव्या हाताचं, तिची हाय ही. म्हातारा दोन दिवस नाई तं चार दिवस टिकंल, मंग तिले आनतीन. म्हनून केली."

मी समोरची दबलेली रुई बोटांनी सोडवायला लागले.

"शेवटी शेवटी," वयनी म्हणाल्या, "उठून बसले का हात चादरीखाली घालून पायथ्याचा कोपरा चाचपत. म्हनत, हिनं खूण घालनं काहून सोडलं? तिले सांगजो, घालत जाय म्हना. मले सांगनं झालं नाई. तुह्याकडं पाह्यलं का तूच मान खाली घालत होती."

त्या गृहस्थाला आम्ही विचारलं. तो दाराआडून म्हणाला, आता कायले उकरता. इतर अजून शोधायचे आहेत. काही मेले, काही गाव सोडून गेले. जो हो म्हणेल त्याचं पत्र दाखवू, नाही म्हणेल त्याचं नाही. म्हणून मी लिहिलेल्या या कागदावर एकही नाव नाही, त्यांचंही नाही ज्यांच्यासाठी लिहिलं. माझी गोष्ट मात्र माझी आहे, ती सांगायला मला कोणाला विचारायचं नव्हतं.

तोवर पत्रं ठेवायची कुठं, तर वयनी म्हणाल्या, होती तिथंच. मी रुई पुन्हा पिंजली, मेणकापड बदललं, गादी भरली. कापलेल्या कोपऱ्याला नवं कापड जोडलं. शेवटचा टाका घातला आणि दाभण ठेवून दिलं.

"घाल," वयनी म्हणाल्या.

 एक टाका चुकला, तो काढला. मग डाव्या हातानं तीन टाके घातले, आणि वयनी त्या रात्रीपासून त्याच गादीवर निजतात.